मोडीत घातलेली गाडी

श्यामराव बागवाल्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या घातल्या, पुढच्या टायरला चपलेच्या टोकानं ढोसलं, दार उघडून पुन्हा लावलं, आणि पडवीकडं तोंड करून विचारलं, "बोला, काय सांगता?"

दाराआड उभ्या असलेल्या हफीजानं उत्तर दोन दिवस घोकून ठेवलं होतं. चुलीपुढं बसून, विहिरीवर पोहरा ओढताना, लेकीला, खुर्शीदला, थोपटताना. अडीचशे, एक पै कमी नाही. पण आता पदराचं टोक दातांत धरून ती नुसती उभी राहिली. नवऱ्याच्या गाडीचा भाव आपल्या तोंडानं सांगायचा म्हणजे घरचं माणूस बाजारात नेऊन उभं केल्यासारखं वाटलं तिला.

शेवटी सासूच बोलली. मैमुनाबी पडवीत पाय पसरून सुपारी कातरत बसली होती. वर न बघता म्हणाली, "आमी काय सांगणार? घेणाऱ्यानं सांगावा."

"दीडशे," श्यामराव म्हणाले. "आहे तशी बैल लावून ओढून नेईन. दुसरं इंजिन बसवतो, मागं फळ्या ठोकतो, आंब्याच्या पेट्या नि गडी बंदरावर न्यायला होईल."

"दीडशाला हल्ली बैल पन येत नाय."

"बैल चालतो, मैमुनाबी."

यावर सासूनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि दाराच्या फटीकडं नजर टाकली. आता तू बोल, असा त्या नजरेचा अर्थ होता. हफीजा दाराआड आणखी सरकली. श्यामराव म्हणाले, "शुक्रवारपर्यंत सांगा. मोहोर बरा आलाय यंदा, मला गाडी लागणार आहे. तुम्ही नाही तर दुसरी बघेन." आणि छत्री काखेत मारून निघून गेले.

गाडी काळी होती. डॉज. एका वकिलाच्या घरून हफीजाच्या नवऱ्यानं, मजीदनं, ती विकत घेतली तेव्हाच ती दहाबारा वर्षांची होती, आणि वकिलांनी विकली म्हणजे तिच्यातला जीव आधीच निम्मा गेलेला असणार असं राजिवड्यातल्या सगळ्यांनी म्हणून घेतलं होतं. पण मजीदनं ती आठ वर्षं चालवली. रत्नागिरीहून निघायचा, हातखंबा, निवळी, संगमेश्वर करीत सावर्ड्यापर्यंत पाशिंजर न्यायचा. पाचाची गाडी आणि आत नऊ माणसं, टपावर कोंबड्यांच्या दुरड्या. निवळीच्या चढणीला तो पुरुषांना खाली उतरवायचा. "बायका बसा, पुरुषांनी वर चालत या, तेवढंच पुण्य," असं म्हणायचा. सावर्ड्याच्या हफीजाला त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते त्याच गाडीच्या आरशात. हे त्यानं लग्नानंतर सांगितलं, तेव्हा ती आठ दिवस त्या आरशाकडं बघायलाच लाजत होती.

मग एस्टी आली. खासगी गाड्यांचं परमिट गेलं. मजीद म्हणाला, बरं झालं, तिलाही विसावा. घराशेजारी चार खांब उभे करून वर माडाचे झाप टाकले आणि गाडी आत लावली. दोन महिने तो रोज तिला पुसायचा. मग एक दिवस आड. खाडीचा वारा खारा; माणसाची हाडं धरतो, तिथं लोखंडाचं काय. एकदा चालू करायला गेला तर इंजिनातून असा आवाज आला की मैमुनाबी घरातून धावत बाहेर आली. इंजिनाचा ब्लॉक तडकला होता.

त्यानंतरच्या दिवाळीत तो कुवेतला निघाला, तिथल्या तेलाच्या कंपनीत डायवर म्हणून. बंदरावर बोटीची वाट बघताना खुर्शीद त्याच्या खांद्यावर होती, दीड वर्षाची. हफीजाच्या डोळ्याचं पाणी थांबेना, तेव्हा म्हणाला, "रडतेस कशाला? दोन वर्सं. येताना नवा ब्लॉक घेऊन येतो. बसवला की गाडी चालू. तुला पुढं बसवतो, हिला मांडीवर, आणि सरळ सावर्ड्याला तुझ्या बाच्या दारात नेऊन हॉर्न मारतो. एस्टीवाल्यांना म्हणावं, बसा बघत."

हे वाक्य तिनं दीड वर्ष उशाशी घेतलं. गाडीवर फडका मारायची, पावसाळ्याआधी नवे झाप घालायची, आत कोंबडी अंडी घालून गेली तर तिला हुसकायची. शेजारणी हसायच्या. म्हणायच्या, नवऱ्यानं दोन बायका केल्यान आणि थोरलीची चाकरी धाकटीवर टाकून गेला.

आणि मग ते पत्र आलं. पत्र सासूच्या नावचं, "अम्मास सलाम" असं सुरू होणारं, कुणा सोबत्याकडून लिहून घेतलेलं. वाचून दाखवायला मुलींच्या शाळेतली पद्मजाबाई नेहमीप्रमाणे आली होती. खुशाली झाली, खुर्शीदची चौकशी झाली, आणि मग ती वाचता वाचता हळू झाली. "गाडीचे सर्व मोडीत घातले आहे. वेळ आली तर जीव न अडकवता देऊन टाकावी."

"म्हंजे?" सासूनं विचारलं.

"म्हणजे," पद्मजाबाई चाचरली, "गाडी मोडीत काढलीय म्हणतात. भंगारात. आता तिच्यात जीव अडकवू नका, देऊन टाका."

हफीजा पितळेचं तपेलं घासत होती. राखेचा हात तसाच राहिला. जुनं तपेलं मोडीत घालतात, फुटका तांब्या मोडीत घालतात. कासार येतो, तोलतो, घेऊन जातो, आणि त्या भांड्यात कुणी किती वर्षं पाणी तापवलं हे कुणी विचारत नाही. ज्याला यायचं आहे तो माणूस गाडी मोडीत घालत नाही. तिला दुसरं काही सुचलंच नाही. तिथं त्याचं दुसरं काही जुळलं असेल, तो यायचा नाही, आणि हे सांगायला त्याला गाडी सापडली.

तिनं पद्मजाबाईला लगेच उत्तर लिहायला बसवलं. "गाडी तुमची. मोडीत घाला नाहीतर खाडीत ढकला. मला विचारायची गरज नाही. खुर्शीद बरी आहे."

"असंच लिहू?" पद्मजाबाईनं दोनदा विचारलं.

"असंच."

ते पत्र गेल्याला बाविसावा दिवस होता, तेव्हा राजिवड्यातलाच एक माणूस कुवेतहून परतला आणि घरी जायच्या आधी यांच्या दारात येऊन उभा राहिला. बूटसुद्धा काढले नाहीत त्यानं. ताप आला होता, मजीदला. सातव्या दिवशी गेला.

नवऱ्यामागं पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस हफीजा घरात बसली. ते संपले, त्यावर आणखी तीन महिने गेले. घरात तीन बायका: एक म्हातारी, एक पंचविशीची, एक चार वर्षांची. सावर्ड्याहून भाऊ अयूब येऊन सांगून गेला होता की शिमग्याला येतो आणि तुम्हा दोघींना घेऊन जातो. दोघींना म्हणजे तिला आणि खुर्शीदला. मैमुनाबीचं नाव त्यात नव्हतं. मैमुनाबी त्या वेळी ऐकून म्हणाली, "जा हो. माजी सुटका तरी होईल तुज्या हातच्या आमटीतून." आणि त्या दिवशी जेवली नाही.

नाक्यावरच्या टेलरकडं शिवणयंत्र होतं, जुनं पण चालू. त्याला सव्वादोनशे हवे होते. हफीजाला लग्नाआधीपासून शिवणाचा हात होता. यंत्र घरात आलं तर चोळ्या, झबली, मशिदीतल्या मुलांचे कुडते. तिघी इथंच राहिल्या असत्या. विकण्यासारखं घरात गाडीशिवाय काही नव्हतं.

श्यामराव गेल्यावर सासू म्हणाली, "दीडशात यंत्राचा पाय येईल फक्त. सखाराम मिस्त्रीला निरोप धाडलाय मी. तो सुटी करून घेईल तर जास्त येतील."

"मोडायची नाही, अम्मा."

"का गो?"

"नाही म्हटलं ना." हफीजाचा आवाज चढला. "श्यामराव नेतील तर निदान अख्खी राहील. कुठंतरी रस्त्यावर दिसेल तरी. बाकीचे पैसे मी कुठूनही उभे करीन. त्यांनी मोडीत घातली, मी नाही घालायची."

मैमुनाबीनं सुनेकडं पाहिलं. "मेलेल्याशी भांडतेस?"

भांडत होतीच ती. जिवंत होता तेव्हा पुरतं भांडून झालं नव्हतं.

सखाराम मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आला. बुटका, जाड भिंगाचा चष्मा, बोटांची नखं कायमची काळी. मजीदच्या गाडीचं इंजिन त्यानं किती वेळा उघडलं होतं याला गणती नव्हती. तो झापाखाली शिरला तो आधी नुसता उभाच राहिला. मग टोपी काढून डोकं खाजवलं, परत घातली.

"भाभी," दाराकडं न बघता तो म्हणाला, "श्यामरावांना देताय असा ऐकला. तुमची गाडी, तुमची मर्जी. कागद तेवढे नीट बघून द्या, नायतर नंबर तुमच्या नावावर र्‍हाईल आनि कचेरीतली माणसं तुमच्या दारात येतील. आना बघू इकडं, मी बघतो."

हफीजानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढं सरकवला. मजीद गेल्यापासून तो कुणी उघडला नव्हता. सखारामनं एकेक कागद उलगडून पडवीच्या जोत्यावर ठेवला आणि वारा उडवू नये म्हणून वर पान्हा ठेवला. "हा बुक. हा परमिट, मेलेला. हा विम्याचा. आनि हा…" त्यानं एक लांबट, चार घड्यांचा कागद डोळ्यांजवळ धरला. "हा काय मला येत नाय. हा मोडीत हाय."

"मोडीतच आहे सगळी," हफीजा आतून कडवटपणे म्हणाली. "मालकांनीच घातलीय. पत्रात कळवलंय तसं."

"गाडी नव्हे वो भाभी. कागद. कागद मोडीत हाय. मोडी अक्षर."

पडवीत अडकित्ता थांबला.

सखारामला काही कळलं नाही. तो कागदावर बोट ठेवून सांगत होता, "हे बघा, वर रेघ मारलीय आनि खाली सगळा लोंबत गेलाय, हात न उचलता. जुने कारकून लिहायचे. भास्करकाकांचा हात दिसतो. कचेरीसमोर अर्ज लिहायचे ते. अजून हायत, झाडगावात, पन डोळे…"

हफीजा दाराबाहेर आली. परक्या पुरुषासमोर ती अशी पहिल्यांदाच आली आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही. तिनं त्याच्या हातातला कागद घेतला. तिला साधं बाळबोध अक्षरही धड वाचता येत नव्हतं. हे तर नुसते काळे दोरे होते, एकात एक गुंतलेले. गाडीचे सर्व मोडीत घातले आहे. गाडीचे सर्व. गाडी नव्हे. गाडी म्हणाला असता तर 'घातली' म्हणाला असता.

"अम्मा," ती म्हणाली, "अम्मा, त्यांनी लिहून ठेवलंय."

झाडगावच्या चढावर खुर्शीद तीनदा खाली बसली आणि तीनदा तिला कडेवर घ्यावं लागलं. भास्करकाकांच्या अंगणात त्यांची सून वाल सोलत होती. तिनं दोघींना ओटीवर बसायला सतरंजी टाकली, खुर्शीदच्या हातात गुळाचा खडा दिला आणि आत हाक मारली. काका भिंत चाचपत बाहेर आले. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यापुढं धरायला हातात गोल भिंग.

"मजीदची बायको? राजिवड्याचा मजीद?" ते बसता बसता म्हणाले. "ये हो मुली. कळलं मला. मी यायला हवं होतं, पण आता आमचं जाणंयेणं म्हणजे…" त्यांनी डोळ्याकडं हात केला. मग कागदाला हात लावला आणि कागद डोळ्यांपुढं धरायच्या आधीच त्यांच्या चेहऱ्यावर ओळख आली. "हा तर माझ्याकडचा बदामी कागद. आला होता खरा. बोटीला चार दिवस होते त्याच्या. भर दुपारी आला, दोन तांबे पाणी प्यायला. म्हणाला, काका, एक कागद लिहायचाय, पण सरकारी नको, माझ्या बोलण्यासारखा लिहा."

"वाचा काका."

त्यांनी भिंग धरलं. पहिल्या ओळी कचेरीच्या थाटाच्या होत्या आणि त्या त्यांनी जवळजवळ पाठ म्हणाव्यात तशा म्हटल्या. "लिहून ठेवणार मजीद वल्द करीम, राहणार राजिवडा. कारणे लिहिले की, मी बोटीने परमुलखात जात आहे. माझे मागे गाडी विकण्याची पाळी आल्यास माझे घरचे माणसांस कोणी फसवू नये म्हणून हा कागद." ते थांबले, खोकले. "पुढं तो बोलत गेला आणि मी लिहीत गेलो. ऐक."

आणि मग त्या म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या तोंडून मजीद बोलायला लागला.

"गाडी आता रस्त्यावर यायची नाही. ब्लॉक तडकला आहे, मी वरून काळा रंग दिला आहे, तो घेणाऱ्याला खरवडून दाखवावा. नवा ब्लॉक मिळत नाही, मुंबईला विचारून झालं. खालची लोखंडी पट्टी खाऱ्या वाऱ्यानं खाल्ली आहे, उजव्या चाकामागं बोट आरपार जातं. अख्खी मागणारा कोणी ना कोणी येईल. तो दीडशेच्या वर चढणार नाही. पाचशे दिले तरी त्याला देऊ नये. दुसरं इंजिन घालून चालवली तर ती पट्टी वजन धरणार नाही, निवळीला मोडेल, आणि आत माणसं असतील."

हफीजानं खुर्शीदला जवळ ओढलं. शुक्रवारी ती श्यामरावांना होकार देणार होती. त्यांचे गडी त्या गाडीत बसणार होते.

"सुटी करून विकावी. रेडिएटर तांब्याचा आहे, तो लोखंडाच्या भावानं जाऊ देऊ नये. चाकं बैलगाडीला जातील. सखाराम मिस्त्रीस बोलवावं. माणूस सरळ आहे, पण पहिला आकडा पडता सांगतो. दुसऱ्यावर सगळे थांबतात. आपण तिसऱ्यावर थांबावं. मागची गादी न्हाव्याला द्यावी, बारा रुपये. तिच्यावर बाळंतपण झालं आहे हे त्याला सांगू नये, घेणार नाही."

हफीजाला हसू फुटलं. तिनं तोंडावर पदर दाबला तरी ते फुटलंच. खुर्शीद बावनदीच्या पुलापाशी झाली होती, माहेरी बाळंतपणाला निघालेली हफीजा माहेरी पोचलीच नव्हती. मजीदनं गाडी कडेला लावली होती आणि शेतातल्या दोन बायकांना हात धरून ओढत आणलं होतं, आणि स्वतः पुलाच्या कठड्यावर पाठ करून बसून मोठमोठ्यानं अल्लाला बोलावत होता, इतक्या मोठ्यानं की त्यातली एक बाई त्याच्यावर खेकसली होती. सात महिन्यांत ती हसली नव्हती. हसता हसता हुंदका आला तो काकांना ऐकू गेला असावा. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"एवढंच आहे?" तिनं विचारलं.

"एवढंच म्हण."

"काका, खाली अजून आहे. काळं दिसतंय."

काकांनी कागदावर तळवा ठेवला. "असतं काही. साक्षी वगैरे."

"वाचा."

"मुली, हे तुझ्यासाठी नाही."

"ज्यांच्यासाठी होतं त्यांना वाचता येत नाही," हफीजा म्हणाली. "वाचा."

त्यांनी पुन्हा भिंग उचललं. या वेळी वाचायला फार वेळ लागला. अक्षर दिसत नव्हतं म्हणून की काय, कोण जाणे. "हा कागद वेळ येईपर्यंत हफीजाला वाचून दाखवू नये. मी परत येईन आणि गाडी चालू करीन असं तिनं धरलं आहे. मीच तिला तसं सांगितलं आहे. मी परत येईन, पण गाडी चालू होणार नाही. ते मी आल्यावर तिला स्वतः सांगेन. तोवर तिला धरू द्यावं."

खुर्शीद गुळाचे हात सतरंजीला पुशीत होती.

"कुवेतला पत्र पोचायला किती दिवस लागतात, काका?"

"आमच्या वेळी कोण जात होतं तिकडं? पण मुंबईहून बोट मिळाली तर पंधरा, नाहीतर महिना. का?"

"सहजच."

"तू उत्तर धाडलं होतंस त्याच्या पत्राला?"

"धाडलं होतं."

"काय लिहिलंस?"

हफीजा उठली. तिनं खुर्शीदला कडेवर घेतलं. "खुशालीचं," ती म्हणाली. "गाडी बरी आहे, खुर्शीद बरी आहे, लवकर या म्हणून."

"चांगलं केलंस," भास्करकाका म्हणाले.

घरी येऊन तिनं सासूला सगळं सांगितलं, शेवटचंसुद्धा. मैमुनाबी ऐकत राहिली. मग म्हणाली, "माज्या पत्रात लिहिलान. मला सांगितलान, आनि मी म्हातारी तो शब्द भांड्याचा समजून बसले. आमच्या बाच्या सगळ्या जमिनीचे कागद मोडीत व्हते गो. मला कळायला नको?" तिनं दोन्ही हात मांडीवर उपडे टाकले आणि त्यांच्याकडं बघत बसली, जणू चूक त्या हातांची होती.

हफीजा स्वतः श्यामरावांकडं गेली आणि गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. ते तापले. "दीडशे कमी वाटले तर तसं सांगा की. पावणेदोनशे. भंगाराला यापेक्षा कोण देणार?"

"कमी नाहीत," ती म्हणाली. "गाडी माणसं बसायच्या लायकीची राहिली नाही. तुमचे गडी बसतील तिच्यात."

"ते माझं मी बघेन."

"नाही. ते आमच्या मालकांनी बघून ठेवलंय."

ते तिच्याकडं बघत राहिले. येडी झालीय, असा त्यांचा चेहरा होता. ती परत फिरली.

गुरुवारी सखाराम आला, पान्ह्यांची पिशवी आणि टेकायला लाकडाचे ओंडके घेऊन. हफीजा पडवीच्या पायरीवर उभी राहिली, पदर डोक्यावर, पण दाराबाहेर. तिनं त्याला आधी उजव्या चाकामागं नेलं, खाली वाकली आणि गंजल्या पट्टीत आपलं बोट घातलं. ते पलीकडं निघालं. "हे बघून घ्या. आणि ब्लॉकवर रंग आहे, तो खरवडून बघा."

"ठाऊक हाय मला," सखाराम म्हणाला. "मीच डबा दिला व्हता रंगाचा." त्यानं गाडीकडं, मग आकाशाकडं बघितलं. "सगळी सुटी करून, मजुरी माजी, दोनशे देईन."

हफीजा गप्प.

"बरा. दोनशे चाळीस. तुमच्यासाठी म्हणून हो, दुसऱ्याला नसते दिले."

यंत्राचे पैसे झाले होते. पडवीतून मैमुनाबीनं घाईनं मान हलवली, घे, घे म्हणून. हफीजाला मजीदचा आवाज भास्करकाकांच्या तोंडून ऐकू येत होता. ती तशीच उभी राहिली.

सखारामनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "रेडिएटर तांब्याचा, व्हय… दोनशे पंचाऐंशी. याच्या वर माजं घर विका."

"दिली," हफीजा म्हणाली.

"अवो भाभी, दुसऱ्यावर सगळी थांबतात."

"मला तिसऱ्यावर थांबायला सांगितलंय."

सखारामचा चष्मा हातातच राहिला. कुणी सांगितलं हे त्यानं विचारलं नाही. तो गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेला, चाकाशी उकिडवा बसला, आणि चाकाचं काहीच काम नसताना बराच वेळ तिथंच बसून राहिला. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि पान्हा लोखंडाला लागल्याचा.

पहिला बोल्ट सुटेना. त्यानं पान्ह्यावर पाय दिला, उडी मारली. बोल्ट हलला नाही. घासलेट ओतलं, हातोडीनं ठोकलं, शिव्या दिल्या. हळू दिल्या, बायकांदेखत. "धरून बसलाय हरामखोर. तीन वर्सांचा मीठ खाल्लाय. घासलेट संपला माजा. तेल असेल तर द्या थोडा, कसलाही."

हफीजा आत गेली. फडताळात खोबरेलाची बाटली होती, खुर्शीदच्या केसांची, अर्ध्याला आलेली. ती तीच घेऊन आली. सखारामनं हात पुढं केला, पण तिनं बाटली दिली नाही. ती स्वतः चाकाशी बसली आणि बोल्टच्या कडेकडेनं तेल सोडत राहिली, थेंब थेंब.

"आता जरा दम धरा," सखाराम म्हणाला. "मुरायला हवा."

पडवीतून मैमुनाबीनं विचारलं, "सुटला का?"

"नाही, अम्मा," हफीजा म्हणाली. "अजून नाही." आणि बाटलीचं बूच मुठीत धरून ती तिथंच बसून राहिली.